आमची वाटचाल : स्टेअरिंगवरून फोनपाशी

ॲम्ब्युलन्ससाठी आलेला फोन उचलला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : "तोंड कुणीकडं होतं, पुण्याकडं का साताऱ्याकडं?" पुणे-सातारा हायवेवर खंबाटकी घाटात अपघात झाला की समोरचा माणूस नुसता "घाटात, घाटात" म्हणत राहतो. पण साताऱ्याकडं जाणारी गाडी घाट चढून जाते आणि पुण्याकडं येणारी बोगद्यातून. चुकीच्या बाजूनं ॲम्ब्युलन्स सोडली की वळून परत येण्यातच हातातला वेळ जातो. मग विचारायचं, बोगद्याच्या अलीकडं का पलीकडं? कडेच्या दगडावर आकडा काय आहे?

हे प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हतो. गाडीच चालवत होतो. 2014 साली राज्यात 108 ही सरकारी ॲम्ब्युलन्स सुरू झाली, 937 गाड्या आल्या, त्यातल्या एकीवर मी लागलो. तिथं ड्रायव्हरला पायलट म्हणतात. आईनं गावभर सांगितलं, पोरगं पायलट झालं. लोकांनी काय समजायचं ते समजलं.

दोनेक वर्षांनी, पावसाळ्यातल्या एका रात्री, बोगद्यापुढच्या त्या एस वळणावर एक मोटारसायकलवाला पडला होता. मी त्याला ओलांडून गाडी पुढं लावली. चूक तिथंच झाली. स्ट्रेचर आत ढकललं आणि मागून टेंपो आला. माझा डावा पाय दोन्ही गाड्यांच्या मध्ये सापडला. टेंपोवाल्याला तरी काय बोलायचं, वळणावर त्याला मी दिसलोच नसणार. पेशंटचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, तेवढंच. माझा पाय गुडघ्याखाली काढला.

आज आमच्याकडं नियम आहे : गाडी अपघाताच्या मागं, तिरकी लावायची, कोन मांडायचे, जॅकेट घालायचं, मगच मागचं दार उघडायचं. नवीन पोरगं कंटाळा करायला लागलं की मी पँट वर करून दाखवतो. जास्त बोलावं लागत नाही.

नकली पायावर चालता येतं, त्याचं एवढं काही नाही. दिवस वर येईल तसा स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आक्रसतो, दुपारी एक मोजा वाढवायचा, की झालं. पण सीपीआर द्यायला, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबायला, गुडघे टेकावे लागतात आणि सॉकेटची, म्हणजे स्टंप बसतो त्या वाटीची, मागची कड गुडघ्यामागं अशी रुतते की दोन मिनिटांत डोळ्यांपुढं काजवे. उतारावरून स्ट्रेचर आणताना तर पुढच्याचं आणि मागच्याचं पाऊल जुळावं लागतं. माझं जुळत नव्हतं. एकदा भाचाच म्हणाला, "मामा, तुम्ही वर थांबा." राग आला. पण बरोबर होतं.

तोवर मी स्वतःची ॲम्ब्युलन्स म्हणून एक जुनी ओम्नी घेतली होती. थोडे भरपाईचे पैसे, थोडं बायकोच्या बचतगटाचं कर्ज. पाहुण्यांत कुजबुज झाली, पाय गेला, आता पैसा पण घालवणार. भाचा गाडीवर, मी फोनवर. हिशोब बायकोकडं, आणि तो अजून तिच्याकडंच आहे, म्हणून धंदा टिकला.

खुर्चीत बसून काय काम असणार असं मलाही वाटायचं. मग एकदा पुण्याला पेशंट शिफ्ट करताना नवले पुलाच्या अलीकडं गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि भाच्याचा फोन आला, "मामा, ऑक्सिजनचा काटा खाली आलाय." बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटरनं लावला तर अडीच तास. पण आमचा निघतानाच अर्धा होता आणि कुणी बघितला नव्हता. मी वीस ठिकाणी फोन फिरवले, तेव्हा दुसऱ्या एका ॲम्ब्युलन्सवाल्यानं भर रस्त्यात सिलिंडर दिला. त्या दिवसापासून गाडी सुटायच्या आधी काट्याचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो. प्रवासाचा वेळ मी दुप्पट धरतो. अर्धा काटा म्हणजे सव्वा तास, त्यात पुणं बसत नाही.

एका हॉस्पिटलनं पेशंटमागं कमिशन देऊ केलं होतं. म्हणजे नातेवाईक म्हणतील तिकडं न्यायचं नाही, आम्ही सांगू तिकडं आणायचं. नाही म्हटल्यावर तिथली कामं बंद झाली ती झालीच. त्या वर्षी दुसरी गाडी घ्यायची होती, ती लांबली. आता तीन आहेत.

मागच्या महिन्यातली गोष्ट. ढाब्यावर एक ट्रकवाला कोसळलेला. फोन करणारा म्हणाला, "मी फक्त कळवतोय, माझं नाव नको." त्याला सांगितलं, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यालाही नाव कुणी सक्तीनं विचारू शकत नाही, 2016 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, 2019 ला कायद्यातही आलंय. श्वास चालू आहे का ते बघा. नव्हता. 108 ला दुसऱ्या फोनवरून लावायला सांगितलं, आमची गाडी सोडली आणि म्हटलं, फोन स्पीकरवर टाका, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, दोन इंच दाबा, माझ्या आकड्याबरोबर. मिनिटाला 100 ते 120 ठेके पडायला हवेत. मी मोजत होतो आणि टेबलाखाली डावा पाय, तो रबराचा, फरशीवर ठेका धरून होता.

त्याच्या फोनमधून लांबून आमचा सायरन ऐकू आला. "आली, आली," तो ओरडला.

"हात थांबवू नका," मी म्हटलं, "माझा पोरगा शेजारी येऊन बसेपर्यंत थांबवू नका. एक, दोन, तीन…"