खाँसाहेबांच्या मैफलीत झोपलेला माणूस

२०१८ च्या डिसेंबरात आतेभावाच्या लग्नाला बडोद्याला गेले. लग्न छान झालं. आमटी गोड होती आणि त्याबद्दल तोंड वाकडं करणारी मी एकटीच होते. बाकीचे पिढ्यान् पिढ्या तिथलेच.

मी लॉजवर उतरणार होते, पण आत्यानं स्टेशनवरूनच बॅग ताब्यात घेतली. दांडिया बाजारातल्या तिच्या जुन्या घरात दोन खोल्या, अकरा माणसं, एक मोरी. असल्या पाहुणचारापुढं बोलायची सोय नसते. पहाटे पाचला मोरीसमोर चौघं उभी बघून मी शाल गुंडाळून गॅलरीत आले. तिथं नाना, आत्याचे थोरले दीर, वय पंच्याऐंशी, आधीच बसलेले.

मी मोबाइलवर हळू आवाजात फैयाझखाँनी गायलेला जयजयवंती राग लावला. बडोद्यात आलोय तर बडोद्याचेच दरबारगायक ऐकावेत, एवढाच विचार. त्यांची कबरही याच गावात आहे. २००२ च्या दंगलीत तिची मोडतोड झाली होती. जायचं ठरवलं होतं, पण ती दुपार मेंदीत गेली.

नाना म्हणाले, "बंद कर ते. हे खाँसाहेब नव्हेत, खाँसाहेबांनी धाडलेलं पोस्टकार्ड आहे."

तेही खरंच. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आणि हा आग्रा घराण्याचा गवई, म्हैसूरच्या महाराजांनी 'आफताब-ए-मौसिकी' म्हणून गौरवलेला. बंदिशीला हात घालण्याआधी नुसत्या नोमतोमच्या, शब्दांवाचूनच्या आलापातच केवढा वेळ रमायचा. ते पोस्टकार्डावर मावणार कसं?

"तुम्ही ऐकलंय त्यांना?"

"चौदा वर्षांचा होतो. एका सरदारांच्या वाड्यात. वडील घेऊन गेले. आम्ही पार मागं, मी खांबाला टेकून. शेरवानी, साफा, छातीवर बिल्ले, मिशा अशा! मला वाटलं, दरबारात निघालेत, वाटेत गायला बसलेत. माईकबिईक नाही. दोन तंबोरे लागले, खाँसाहेबांनी डोळे मिटले आणि खर्ज लावला. गं, कानाला नंतर कळलं, आधी पाठीला कळलं. खांब वाजत होता!"

मग त्यांनी माझा हात धरून गॅलरीच्या लाकडी खांबावर ठेवला, घसा खाकरला आणि खाली, खूप खाली, "नोऽम" केलं. आवाज दोनदा चिरकला. मला काहीच जाणवलं नाही. तेवढ्यात खालून दुधाचा टेम्पो गेला तेव्हा मात्र खांब चांगला थरथरला.

"समजलं?" नाना.

मी मान डोलावली.

"मग काय गायले?"

नानांनी शालीचं टोक नीट केलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "झोपलो मी."

"कधी?"

"तिथंच, खांबाला टेकून. शाळा, खेळ, वर रात्रीचं जेवण. जागा झालो तो हशा आणि वाहवा ऐकून. शेवटची भैरवी चालली होती, 'बनाओ बतियाँ'. 'झूठी' म्हणताना असे काही लाडात येत होते की म्हातारे म्हातारे मांडीवर थापा मारत होते. मधली अख्खी रात्र गेली. वडील घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. म्हटलं, पुढच्या वेळी जागा राहीन. पुढं आमची परीक्षा, त्यांचं आजारपण, आणि ५ नोव्हेंबर १९५० ला खाँसाहेब गेलेच. बस ने, एवढंच. लोकांना सांगतो, मी ऐकलंय. खोटं नाही तसं."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण त्यांना सांगितलं. २००७ साली पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजी जोशी गायला बसले, ते त्यांचं तिथलं शेवटचं गाणं ठरलं. मी तिथंच, रमणबागेत होते, पण मांडवाबाहेर, वड्याच्या रांगेत. पुढं सातच माणसं उरलीत म्हणून रांग सोडवेना. स्वर पडद्यावरून येतच होता, म्हटलं ऐकू तर येतंय. आत पोचले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, वड्याचा कागद काखेत धरून.

नाना रस्त्याकडं बघत बराच वेळ गप्प राहिले. आतून आत्या ओरडली, मोरी रिकामी झालीय, कोण जातंय?

"वडा तरी बरा होता का?" त्यांनी विचारलं.

"गार होता."