तुम्ही विचारलंत म्हणून: निष्क्रिय अल्केन पेटतात कसे?

अल्केन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांची एकेरी बंधांनी जोडलेली संयुगे, निष्क्रिय असतात असे मी वर्गात सांगितले, की कोणी ना कोणी विचारतेच: स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन ही अल्केनच ना, मग तो एका ठिणगीने कसा पेटतो? प्रश्न रास्त आहे, आणि पाठ्यपुस्तक त्याला बगल देते असे माझे मत आहे.

अभिक्रियेतून किती ऊर्जा बाहेर पडेल आणि ती अभिक्रिया सुरू होणे किती अवघड आहे, या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. एक मोल मिथेन पूर्ण जळाले तर सुमारे 890 किलोज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे पहिल्या बाबतीत अल्केन मुळीच मागे नाहीत. अडचण दुसऱ्या बाबतीत आहे. कार्बनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) 2.5 आणि हायड्रोजनची 2.1 असल्यामुळे त्यांच्यातील बंध जवळजवळ अध्रुवीय असतो, आणि आम्ल, अल्कली किंवा परमँगनेट यांना हल्ला करण्यासाठी लागणारा विद्युतभार रेणूत कुठेच सापडत नाही. सोडियमसारखा उतावळा धातू आपण केरोसीनखाली, म्हणजे मुख्यतः अल्केनांच्याच मिश्रणाखाली, निर्धास्तपणे ठेवतो, तो याच कारणाने.

ठिणगी मात्र विद्युतभार शोधत बसत नाही. तिच्या उष्णतेने काही बंध मधोमध तुटतात आणि एकेक एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारी मुक्त मूलके तयार होतात; पुढे एक मूलक दुसऱ्याला जन्म देत जाते आणि बाहेर पडणारी उष्णता ही साखळी चालू ठेवते. (गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये, कारण बटणातली बारीक ठिणगीही तेवढे काम करते. तो वासही अल्केनचा नसून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या गंधकयुक्त संयुगाचा असतो.)

मिथेन आणि क्लोरीन यांची प्रतियोजन अभिक्रिया (एका अणूच्या जागी दुसरा अणू येणे) पुस्तकात ज्वलनापासून वेगळ्या चौकटीत छापलेली असते, पण तीही अशीच साखळी आहे. खोलीच्या तापमानाला, अंधारात, हे दोन वायू एकत्र राहतात. अतिनील प्रकाश पडला की क्लोरीनचा सुमारे 242 किलोज्यूलचा दुबळा बंध तुटतो, सुटलेला क्लोरीन अणू मिथेनचा एक हायड्रोजन पळवतो, आणि उरलेले मिथिल मूलक दुसऱ्या क्लोरीन रेणूतून एक अणू घेऊन नवा क्लोरीन अणू मोकळा करते. फ्लोरीन हेच काम स्फोट होण्याइतक्या जोराने करते, आयोडीन जवळजवळ करतच नाही, आणि ब्रोमीन चोखंदळपणे करते: प्रोपेनवर क्लोरीन दोन्ही प्रकारच्या कार्बनांवर जवळपास सारखेच बसते, तर ब्रोमीन बहुतांशी मधल्याच कार्बनवर.

ही मूलके खरोखर तयार होतात कशावरून, असे एखादा चौकस विद्यार्थी पुढे विचारतो. मिथेनच्या क्लोरिनेशननंतर मिश्रणात थोडेसे इथेन सापडते, आणि दोन मिथिल मूलके एकमेकांना जोडली गेली असल्याशिवाय तेथे दोन कार्बनचा रेणू येण्याचा सोपा मार्गच नाही.