यान निघून गेल्यानंतरचं गाणं

बुधवार, रात्री उशिरा

आज संध्याकाळपासून अमेरिकन गायक नील डायमंडचं 'हार्टलाइट' हे गाणं लावून बसलेय. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. जेवणं झाली, ओटा आवरला, उद्याची भाजी निवडून ठेवली आणि परत तेच. आज त्यात एक गोष्ट सापडली, ती लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

गाणं १९८२ चं. स्टीव्हन स्पिलबर्गचा 'ई.टी.', म्हणजे पृथ्वीवर मागे राहिलेल्या एका परग्रहवासीयाचा आणि त्याला जपणाऱ्या इलियट या मुलाचा सिनेमा, त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत लागला. नील डायमंड, संगीतकार बर्ट बॅकरॅक आणि गीतकार कॅरल बेयर सेगर या तिघांनी तो पाहिला आणि त्यातून हे गाणं जन्मलं. बॅकरॅक आणि सेगर यांचं लग्नही त्याच वर्षीचं. गाणं बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मवाळ गाण्यांच्या यादीत तर पहिलं आलं. ई.टी.चं नाव गाण्यात कुठेही नाही. पण सिनेमातल्यासारखी चंद्रावरून घेतलेली ती भरारी ऐकली की वेगळं सांगावं लागत नाही. सिनेमा काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीलाही ते कळलंच, आणि गाणं करणाऱ्यांना तिला पंचवीस हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. आज लक्षात आलं ते वेगळंच.

सिनेमाच्या शेवटी ई.टी.ला न्यायला आलेलं यान उघडून उभं असतं. ई.टी. आपलं पेटलेलं बोट इलियटच्या कपाळाजवळ नेतो आणि सांगतो, मी इथेच असेन. निघालेला जीव मागे राहणाऱ्याला धीर देतो. गाण्यात जवळजवळ तेच शब्द येतात, पण ते म्हणतो मागे राहिलेला. तू हाक मारलीस तर मी इथेच आहे, असं. सिनेमात ई.टी.ने दिलेला शब्द गाण्यात त्या मुलाने परत दिला आहे! इतकी वर्षं ऐकतेय आणि हे आज ऐकू आलं. पुढच्या वेळी आलास की राहा, अशी विनवणी तर पहिल्याच ओळीत आहे. म्हणजे सिनेमा जिथे थांबतो, तिथून गाणं सुरू होतं. यान दिसेनासं झालं, सगळे घरी गेले, दुसऱ्या दिवशी शाळा आहे, आणि त्या मुलाने आता करायचं काय?

म्हणून मी याला प्रेमगीतच म्हणते. समोर प्रेयसी नाही, प्रियकर नाही. ज्याच्यासाठी गायचं त्याचं रूपही सुंदर म्हणावं असं नाही. सुरकुतलेली कातडी, लांब मान, आणि छातीत लाल उजेड. ई.टी. गेला असं सगळ्यांना वाटतं तेव्हा, इलियटला तो उजेड पुन्हा पेटलेला दिसण्याआधी, कुंडीतलं सुकलेलं फूल उभं राहतं आणि तेच आधी त्याच्या नजरेला पडतं. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सर्वांत प्रेमाचा क्षण तो आहे. आपल्याकडच्या विराण्यांमध्ये तरी दुसरं काय असतं? दूर गेलेल्याला हाका मारायच्या आणि दार उघडं ठेवायचं.

आईवडील वेगळे झाल्यावर लहानपणी आपण मनातल्या मनात एक सवंगडी रचला होता, असं स्पिलबर्गने सांगितलं आहे. इलियटचे वडीलही घर सोडून गेलेले असतात. तुझ्यामाझ्यासारखी माणसं हरवतात तेव्हा जग नेहमी मायेने वागत नाही, असं गाणं म्हणतं, ते मला म्हणूनच उगाच घातलेलं वाटत नाही. या गाण्याला गुळचट म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. डायमंडचा आवाज जड आणि खरखरीत आहे. तो मोठ्या माणसाच्या गळ्याने लहान मुलाचं मागणं मागतो, आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नाही.

पाचवीत असताना माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. सामानाचा टेम्पो गेला आणि तिच्या सायकलचा पंप आमच्या जिन्याखाली राहिला. कितीतरी दिवस मी तो कुणाला हात लावू दिला नाही. ती न्यायला येईल, असं आईला ठणकावून सांगायचे. आईने एकदाही "आता ती येत नाही गं" म्हटलं नाही, याचं मला आज फार वाटतंय.

पार्किन्सन्सच्या आजारामुळे डायमंडने २०१८ मध्ये दौरे थांबवले. बॅकरॅक २०२३ मध्ये गेले.

रविवारी भाची येणार आहे, तिला 'ई.टी.' दाखवायचा आहे. तो परत येतो का, असं ती विचारणारच. तेव्हा हो-नाही काही न सांगता हे गाणं लावणार आहे.