क्रोन्सचं निदान आणि आतड्याची सोनोग्राफी : माझा अनुभव

उजवीकडे, बेंबीच्या खाली दुखायचं. जोडीला जुलाब, संध्याकाळची कणकण आणि उतरत चाललेलं वजन. एवढं ऐकलं की आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात आधी आतड्याचा टीबी येतो, आणि ते योग्यच आहे. टीबी काय किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) काय, दोन्ही बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच ठाण मांडतात.

आधीच्या सोनोग्राफीत ‘गॅस जास्त’ एवढंच आलं होतं. म्हणून पोटविकारतज्ज्ञांनी पुन्हा सोनोग्राफी लिहून दिली तेव्हा मी वैतागलेच. पण ही तपासणी खास आतड्याची होती. काही तास उपाशी राहायचं, बस्स; पोट साफ करायचं औषध नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत. पोटावर फिरवायच्या नेहमीच्या गोलसर प्रोबनंतर डॉक्टरांनी सपाट प्रोब घेतला आणि गॅस बाजूला सरकेल असा हळूहळू दाब देत गेल्या. दुखऱ्या जागी जीव कळवळला. “बघा, हे चांगलं आतडं,” त्या म्हणाल्या. पडद्यावर ते वळवळत होतं. शेजारचा तुकडा मात्र ताठ, जाड. निरोगी भिंत साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते, माझी 6 च्या पुढे होती. रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉपलर लावल्यावर त्या भिंतीत लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. सूज आलेल्या जागी रक्तपुरवठा वाढतो, त्याची ती खूण. इतके महिने ‘टेन्शन घेऊ नकोस’ ऐकलेल्या मला ते ठिपके बघून रडूच आलं.

पण जाड भिंत टीबीतही दिसते. त्यामुळे कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, चुकली नाही. बायोप्सीचे तुकडे टीबीच्या जीनएक्स्पर्ट (जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) गेले. कल्चरला आठवडे लागतात आणि ते थांबणं फार जड जातं, पण घाई परवडत नाही. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो आणि क्रोन्स असताना नुसती टीबीची औषधं घेत बसलं तर आतडं अरुंद होत जातं. माझे टीबीचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, बायोप्सी क्रोन्सकडे बोट दाखवत होती.

औषधं सुरू झाल्यावर सूज उतरतेय का, हे आता सोनोग्राफी आणि शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) तपासणीवर बघतात. गुदाशय सोनोग्राफीत नीट दिसत नाही, पण माझा आजार तिथे नाही. मागच्या खेपेला भिंत 4 मिलिमीटरवर आली होती, ठिपकेही तुरळक. रिपोर्टवर जाडीचा आकडा आणि जागा लिहून द्यायला मी दरवेळी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तरी तुलना करता येते.