लाल पेन आणि शंभर किलोमीटर केबल

समुद्राशी माझा संबंध वर्षातून एकदा दिवेआगरला जाण्यापुरता. बाणेरच्या ऑफिसात सरांनी फाइल दिली, "गॅस प्लॅटफॉर्मला किनाऱ्यावरून वीज द्यायचीय, १०० किलोमीटर, बघ," तेव्हा शेतातल्या पंपाला कनेक्शन देण्याइतकं ते सोपं वाटलं. एरवी प्लॅटफॉर्मवर गॅस टर्बाइन चालवून वीज करतात; ती बंद झाली तर जळणारा गॅस विकता येतो, जागाही सुटते.

१३२ केव्ही (किलोव्होल्ट) धरलं, ६०० अँपिअरची केबल घेतली, व्होल्टेज ड्रॉप तपासला. शीट दुपारीच परत. लाल पेनाने एकच शब्द: "चार्जिंग?"

समुद्राखालची केबल म्हणजे लांबच लांब कपॅसिटर. आत कंडक्टर, बाहेर अर्थ केलेलं आवरण, मधे इन्सुलेशन. एसी दिला की ती सतत भरते आणि रिकामी होते, आणि तो करंटही त्याच तांब्यातून जातो. किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरले, तर चार्जिंगलाच जवळजवळ ४८० अँपिअर! हे करंट सरळ वजा होत नाहीत, वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढावं लागतं; ते काढल्यावर लोडला, म्हणजे खऱ्या कामाला, उरले ३६०. एसटीतल्या सीटा कंडक्टरच्या पाहुण्यांनीच अडवाव्यात, तसं. (हा विनोद मला फार आवडला. सरांना नाही.)

मग मी एकदम दुसऱ्या टोकाला. डीसीच करू! त्यात केबल एकदा भरली की भरली. नॉर्वेत वालहाल प्लॅटफॉर्मला २९२ किलोमीटरवरून डीसीच जातो. शीट पुन्हा परत: "मग योआला एसी कसा? आणि ट्रोल ए ला डीसी का?" दोन्ही नॉर्वेचेच प्लॅटफॉर्म. योआची केबल जवळजवळ माझ्या केबलएवढीच लांब. ट्रोलला मात्र जेमतेम ७० किलोमीटरसाठी २००५ मध्ये डीसी. माझा अंतराचा नियम दोन्हीकडून मोडला.

दोन रात्री ट्रोलवरच गेल्या. तिथला कन्व्हर्टर डीसीचा एसी करून थांबत नाही, फ्रिक्वेन्सी बदलून कॉम्प्रेसरच्या मोटरचा वेगही तोच सांभाळतो. मोटर ५६ केव्हीची, त्यामुळे मधला ट्रान्सफॉर्मरही गेला. प्रश्न किलोमीटरचा कमी, डेकवर काय चढवायचं याचा जास्त होता.

तिसऱ्यांदा वजनापासून सुरुवात केली. माझ्याकडे मोठा कॉम्प्रेसर नव्हता आणि कन्व्हर्टरला जागाही नव्हती. एसीच ठेवला, शंट रिअॅक्टर (केबलचा चार्जिंग करंट भागवणारी मोठी कॉइल) लावून चार्जिंग दोन्ही टोकांना वाटलं. प्रत्येकी २४० अँपिअर, लोडला ५५० मोकळे. प्लॅटफॉर्मवरच्या रिअॅक्टरचं वजनही लिहिलं. न लिहिता पाठवायची हिंमत नव्हती. लोड गेल्यावर पलीकडच्या टोकाला व्होल्टेज किती चढतं, तेही.

सरांनी सही केली. पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "आणि ही एकच केबल तुटली तर?"

वैशालीत भेटायचं ठरलं होतं, मैत्रिणीला मेसेज टाकला: तू खाऊन घे.