कॉलेज हॉकी टीव्हीला परवडते कशी?

अमेरिकेत हॉकी म्हटलं की ती बर्फावरची. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटात हिवाळाभर शुक्रवार-शनिवारची रात्र कॉलेज हॉकीची असते. बहुतेक वेळा तेच दोन संघ एकाच रिंकवर लागोपाठ दोन रात्री खेळतात आणि प्रादेशिक वाहिनीचं गणित त्यावरच बसतं. ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची सामग्री असलेली गाडी, एकदाच आणायची, वायरी एकदाच टाकायच्या, हाती सामने दोन.

काटकसरीला मात्र मर्यादा आहे. चेंडूच्या जागी असतो तो पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती. मधल्या रेषेवर उंचावर मुख्य कॅमेरा, शेजारी क्लोज-अपचा, शिवाय दोन्ही गोलांवर एकेक. हे गोलांवरचे कॅमेरे काटकसरीसाठी टाळले, तर पक रेषेपार गेला का ते रिप्लेतही दिसत नाही, कारण गोलरक्षक त्यावर आडवा पडलेला असतो. आयरिस, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप, ऑटोवर ठेवली तर पांढऱ्याशुभ्र बर्फामुळे कॅमेरा उजेड कमी करतो आणि खेळाडूंचे चेहरे काळे पडतात. ती हातानेच सांभाळावी लागते. उणे तापमानातून आणलेली कॅमेऱ्याची पेटी उबदार खोलीत लगेच उघडली, की लेन्सवर दव धरतं.

एवढा खर्च नुसत्या जाहिरातींतून निघणं अवघड. आपल्याकडे 2019 पासून वाहिनी निवडून पैसे भरता येतात. अमेरिकेत क्रीडावाहिनी केबलच्या मोठ्या पॅकेजमध्येच यायची, म्हणजे हॉकी न बघणारं घरही दरमहा तिचे पैसे भरायचं. लोक केबल सोडू लागले आणि तो आधार खचला. सिंक्लेअर या अमेरिकी प्रसारण कंपनीने 2019 मध्ये विकत घेतलेल्या प्रादेशिक क्रीडावाहिन्यांच्या कंपनीने मार्च 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवाय मिनेसोटा विद्यापीठाचे बरेच सामने 2013 मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा परिषदेची हॉकी सुरू झाल्यावर त्या परिषदेच्या वाहिनीकडे गेले होते.

नॉर्थ डाकोटात मिडको ही केबल कंपनीच स्वतःची क्रीडावाहिनी चालवते. सामन्यामुळे घरातलं कनेक्शन टिकलं, तरी तिचा फायदाच. आमच्या मते छोट्या राज्यात टिकेल असा मार्ग हाच. नुसत्या स्ट्रीमिंगवर पैसे भरतात ते माजी विद्यार्थी, पालक आणि पक्के चाहते. चॅनेल बदलता बदलता सामन्यावर थांबणारा खेड्यातला दहा वर्षांचा पोरगा तिथे पोचतच नाही, आणि उद्या स्केट्स बांधणार असतो तो तोच.