झिरो माइलवरून ओसाकाला

नागपुरात आत्याकडे आले की माझी सकाळ ठरलेली. धरमपेठेतून निघायचं, वाटेत तर्री पोहे, आणि झिरो माइलचा खांब व त्याचे चार घोडे बघून परत. या खेपेला तिथून सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत गेले. ओसाकातल्या भाचीला भंडाऱ्याच्या कोसा रेशमाची ओढणी पाठवायची होती.

"कुठं पाठवून राहिल्या ताई?" खिडकीतल्या दादांनी विचारलं. सीमाशुल्काचा फॉर्म भरला, वजन झालं, बारकोडची पट्टी लागली. आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताचं 'आयएन'. नवापैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून काढलेला, चूक पकडण्यासाठी. "हाच नंबर जपानमध्ये बी चालते," दादा म्हणाले.

तो तिकडे चालतो, कारण ही रचना बर्नच्या जागतिक टपाल संघटनेने ठरवलेली आहे. १८७४ साली २२ देशांनी तिचा करार केला. त्याआधी देशादेशांत वेगवेगळे टपालकरार होते आणि दरांचा नुसता गुंता. हाइनरिख फॉन श्टेफान या जर्मन टपाल अधिकाऱ्याने एक कल्पना लावून धरली: टपालापुरते सगळे सदस्य देश मिळून एकच प्रदेश. भारत १८७६ मध्ये सामील झाला, म्हणजे पारतंत्र्यात असतानाच! आज १९०हून अधिक सदस्य आहेत, आणि मत प्रत्येकाला एकच.

संयुक्त राष्ट्रं म्हटलं की आपल्याला नकाराधिकार आणि न थांबलेली युद्धंच आठवतात. ती हतबलता खरी आहे, मलाही ती छळते. पण १९४८ पासून त्याच कुटुंबात असलेली ही संस्था रोज काम करते, हे कुणी सांगतच नाही. मोठ्या देशाने एकट्याने निर्णय घेतला की तिचाही हात आखडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांवरची करमाफी काढली. शुल्क कोणी, कसं वसूल करायचं याचाच पत्ता नव्हता. आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली.

घरी आत्याला पावती दाखवली. काका कुवेतला असायचे. १९९०च्या ऑगस्टात इराकी फौजा तिथे घुसल्या आणि त्यांची पत्रं बंद झाली, ती ते स्वतः दारात येऊन उभे राहीपर्यंत. आत्याने चष्मा लावला, पेन शोधलं आणि पावतीवरचा क्रमांक एकेक अक्षर तपासत कालनिर्णयच्या पानावर उतरवून घेतला.